पिवळं टोक

उजवा स्टब अॅक्सल मऊ निघाला.

हार्डनेस टेस्टिंगच्या मशीनवर मी आधी डावा ठेवला होता. काटा तीसच्या जरा पुढे जाऊन थांबला. तसाच हवा होता. मग उजवा ठेवला, तर काट्याने वीसही गाठले नाहीत. जागा बदलून पुन्हा घेतलं. तेच. मशीन बिघडलं असेल म्हणून कडकपणा माहीत असलेला ठोकळा ठेवून बघितला. मशीन ठणठणीत होतं.

समोर डॉ. माने बसले होते. दातांचे डॉक्टर. मोबाइलवर काहीतरी बघत म्हणाले, "झालं ना मॅडम? घेऊन जाऊ?"

"डावा घेऊन जा," मी म्हटलं. "उजव्याचं काही खरं नाही."

मी मेटलर्जिस्ट. धातूंचा स्वभाव ओळखणं हा माझा धंदा. आधी एका फाउंड्रीत नोकरी केली, आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःची छोटी टेस्टिंग लॅब आहे. लोक स्टील आणून देतात आणि विचारतात, हे जे म्हणून विकलंय तेच आहे का? म्हणजे संशय घ्यायचेच मला पैसे मिळतात. सवय इतकी अंगात मुरलीय की घरी दूधवाला आला की नवरा म्हणतो, "बघ बाई, हे तरी दूध आहे का?" मी बघते.

स्टब अॅक्सल म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर फिरतं तो जाडजूड खुंटा. एका बाजूला एकच. गाडीचं वजन, खड्डा, ब्रेक, वळण, सगळं त्या वीतभर लोखंडावर येतं. तो वाकला तर चाक वाकडं होतं. तो तुटला तर चाक आपल्या वाटेनं जातं आणि गाडी तिच्या. आणि या गाडीत डॉक्टरांची मुलगी बसणार होती.

गाडी म्हणजे जुन्या इंग्रजी धाटणीच्या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारची नक्कल. कळंब्याच्या बाजूला डॉक्टरांचं घर आहे, मागे पत्र्याची शेड. दवाखाना सुटला की डॉक्टर शेडमध्ये. मुलगी गार्गी फिजिओथेरपी शिकते आणि कार्टिंगच्या शर्यतीत कप आणते. गाडी तिच्यासाठी होती. रस्त्यावर न्यायची नव्हती, तशी परवानगीही मिळत नाही. जयसिंगपूरच्या अलीकडे एका मित्राच्या बंद सूतगिरणीचं आवार होतं, आत लांबलचक डांबरी रस्ता. दिवाळीच्या पाडव्याला गार्गीने तिथे गाडी पळवायची, असं ठरलं होतं. नातेवाइकांना आमंत्रणंसुद्धा गेली होती.

डॉक्टर माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा हातात इंटरनेटवरच्या कागदांचा गठ्ठा होता. माझा पहिला संशय त्या गठ्ठ्यावरच.

"मॅडम, चॅसिस क्रोमोलीची करायची. विमानात वापरतात ती. निदान सगळीकडे ईएन-२४ तरी, भारीतलं स्टील. पैशाकडे बघायचं नाही."

पैशाकडे बघायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला स्टील विकणं सोपं असतं. समजावणं अवघड. मी त्यांना दोन पट्ट्या दाखवल्या, एक साध्या माइल्ड स्टीलची, एक भारी स्टीलची, जाडी सारखी. दोन्हींना सारखं वजन टांगलं. दोन्ही सारख्याच लवल्या.

"हे कसं?" डॉक्टर म्हणाले.

"लवायला सगळं स्टील सारखंच. भारी पट्टी जास्त वजन टांगल्यावरही परत सरळ होते, एवढाच फरक. चॅसिसला लवायचंच नसतं. ते स्टीलच्या भारीपणावर नाही, पाइप कसे जोडलेत त्यावर असतं. त्रिकोण करा, साधा पाइप वापरा."

दुसरी गोष्ट वेल्डिंगची. भारी स्टीलमध्ये निकेल, क्रोमियम असं काही घातलेलं असतं. वेल्ड केल्यावर ते जोडाच्या शेजारी पटकन कडक होतं. नीट तापवून, हळूहळू निववून काम केलं तर चालतं, पण शेडमध्ये ते होत नाही. आणि कडक म्हणजे मजबूत नव्हे. पापडही कडक असतो.

शेवटी असं ठरलं. चॅसिसला साधा चौकोनी पाइप. सस्पेन्शनच्या आर्म्सना, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणाऱ्या दांड्यांना, सीमलेस पाइप, बिनजोडाचा. आणि जिथे वेल्डिंग नाही, नुसतं लेथवर कातायचं आणि हीट ट्रीटमेंट करायची, म्हणजे तापवून तेलात बुडवून टणक करायचं, तिथे ईएन-२४. स्टब अॅक्सल त्यातलाच. शिवाय पाइप वेल्डिंगसाठी जागच्या जागी धरून ठेवायला ज्या पिना लागतात, त्यांना स्वस्तातलं ईएन-८.

पाइप आल्यावर मी एकेक तुकडा कापून घेतला आणि हातोड्याने चेपून सपाट केला. जोड उघडतो का बघायचं होतं. उघडला नाही. डॉक्टरांना माझा हा आडमुठेपणा वाटला. "मॅडम, तुमचा कुणावर विश्वास आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हातोड्यावर."

आणि आता उजवा खुंटा मऊ.

"पण सर्टिफिकेट आहे की," डॉक्टर म्हणाले. "मिलचं, शिक्क्यासकट."

"सर्टिफिकेट स्टीलबरोबर येतं, स्टीलमधून येत नाही."

दोन्ही खुंटे एकाच भट्टीत, एकाच वेळी, एकाच तेलात गेले होते. तरी मी भट्टीवाल्याला फोन लावला. एक भट्टीच्या दाराशी राहिला का? तेलात उशिरा पडला का? तो तापला. "मॅडम, दोन्ही एकाच तारेत बांधून सोडले होते." तोही खोटं बोलत असेल, असं मला वाटलं. मला तसं वाटतंच. मग मी दोन्हीच्या टोकाला ग्राइंडर लावला.

स्टील घासलं की ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक स्टीलची ठिणगी वेगळी. डाव्याच्या ठिणग्या आखूड, मुकाट. उजव्याच्या लांब, टोकाला फुलबाज्यांसारख्या फुटणाऱ्या. निकेल असलं की ठिणगी अशी फुलत नाही. शेवटी स्पेक्ट्रोवर लावला. हे मशीन स्टीलवर विजेची ठिणगी पाडून त्याच्या पोटात काय काय आहे ते सांगतं. उजव्यात कार्बन डाव्याइतकाच होता. निकेल नव्हतं. क्रोमियम नावाला.

"हे ईएन-८ आहे," मी म्हटलं. "पिनांचं स्टील. वाईट नाही. पण आपण हा खुंटा चोवीसच्या ताकदीवर बारीक केलाय. तसा हा पाच मिनिटं चालेल, पाच महिनेही चालेल. कधी जाईल ते मी सांगू शकत नाही."

डॉक्टरांनी खुंटा माझ्या हातातून घेतला. मग त्यांनी फॅब्रिकेटरला, म्हणजे गाडी जोडून देणाऱ्या कारागिराला, फोन लावून स्पीकरवर टाकलं. अॅक्सलसाठी कुठले बार कापलेस?

"पिवळ्या टोकाचेच की सर," तो म्हणाला. "माल घेताना कल्लाप्पाण्णांनी सांगितलं न्हवतं का, पिवळं टोक म्हणजे चोवीस, हिरवं टोक म्हणजे आठ. दसऱ्यानंतर तुमच्या शेडमधल्या रॅकवरचे दोन पिवळे बघून एकेकातनं एकेक तुकडा काढला."

हे जरा सांगायला हवं. स्टीलच्या बारवर नाव लिहिलेलं नसतं. आठ काय, चोवीस काय, दिसायला जुळी भावंडं. म्हणून व्यापारी बारच्या टोकाला रंग फासतात. सगळीकडे एकच रंग असतो असंही नाही, ज्याच्या त्याच्या दुकानाचा आपला रंग. कल्लाप्पाण्णा मगदूम यांच्याकडे चोवीसला पिवळा.

"म्हणजे त्याने आठला पिवळा रंग लावून चोवीसच्या भावात विकलं," डॉक्टर म्हणाले. "पिवळं टोक आणि आत आठ. सरळ आहे."

मला म्हणावंसं वाटलं की डॉक्टर, किडलेल्या दाताला वरून पांढरा रंग देऊन कुणी आला तर तुम्ही रंगवाल्याशी भांडाल की आधी एक्स-रे काढाल? पण मी म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, माझाही संशय कल्लाप्पाण्णांवरच होता. या बाजारात मी काय काय बघितलंय ते मला माहीत आहे.

दुकान जवळच. कल्लाप्पाण्णा गल्ल्यावर बसले होते. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातले, साठीच्या पुढचे, आवाज असा की बोलले तरी भांडल्यासारखं वाटावं. डॉक्टरांनी खुंटा काउंटरवर आपटला.

"हे चोवीस आहे?"

कल्लाप्पाण्णांनी उचलला, फिरवला, ठेवला. "कातलेल्या मालावरनं मी काय सांगू पावणं? बारचं टोक असतं तर सांगितलं असतं."

"टोक पिवळं होतं. मशीन सांगतंय आठ आहे. माझी मुलगी बसणार आहे त्या गाडीत. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की. माझ्या दुकानातनं चोवीस म्हणून आठ गेलं न्हाय."

"मग काय रस्त्यात बदललं?"

"ते मला काय ठावं. नृसिंहवाडीला चला. दत्ताच्या पुढं हात ठेवून सांगतो, न्हाय गेलं."

"आण्णा, देवाला मध्ये घालू नका," मी म्हटलं. "मला तुमचा रॅक दाखवा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जरा लाजच वाटली. मागच्या बाजूला नेलं. पिवळी टोकं वेगळी, हिरवी वेगळी, मध्ये लोखंडी पट्टी. मी पिवळ्यांतले तीन-चार बार हवे तसे निवडून जागेवरच ग्राइंडर लावायला सांगितला. ठिणग्या आखूड, मुकाट. सगळे चोवीस. माझा संशय तेवढ्याने गेला नाही. आज माल बरोबर आहे म्हणजे त्या दिवशीचा बरोबर होता असं नाही.

आम्ही पुढे आलो तोवर डॉक्टरांनी मोबाइलवर टाइप करून झालं होतं. गाड्यांचा नाद असलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे. जिल्हाभरातले आहेत त्यात. कल्लाप्पाण्णांचं नाव घालून डॉक्टरांनी लिहिलं होतं की हा माणूस हलका माल भारी म्हणून विकतो, जपून राहा. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पाठवलं. काउंटरवर पडलेला कल्लाप्पाण्णांचा मोबाइल वाजला. तेही त्याच ग्रुपवर होते.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. आवाज चढवला नाही. तेवढंच म्हणाले, "डॉक्टर, आता ह्याच्या म्होरं मी काय बोलणार?"

मला त्यांच्या ओरडण्याची सवय होती. ते गप्प बसले हे मला आवडलं नाही. चोरही गप्प बसतो, हे मला माहीत आहे. पण चोर आधी मालावर बोलतो, मग मिलवर ढकलतो, मग ट्रकवाल्यावर. यांनी कुणावरच ढकललं नव्हतं.

"डॉक्टर," मी गाडीत बसल्यावर म्हटलं, "दुकानाचा रॅक बघितला. आता तुमचा बघू."

"माझा कशाला? माझ्याकडे कुलूप असतं."

"तेच बघायचंय."

शेडमध्ये मी पहिल्यांदाच येत होते. दार उघडलं आणि माझं लक्ष आधी गाडीकडे गेलं. चॅसिस स्टँडवर, शेजारी फायबरची बॉडी, भंडाऱ्यासारखी पिवळीधमक. ड्रिलिंग मशीनला झेंडूचा हार, वाळलेला. ग्राइंडरवर कुंकवाचं बोट. खंडेनवमी होऊन गेली होती, पण हार काढायला कुणाला सवड नव्हती. आमच्या कोल्हापुरात खंडेनवमीला मशीन चालवायला कुणी धजत नाही. त्या दिवशी मशीनने आराम करायचा, न्हाऊन-माखून रंगरंगोटी करून पूजा घ्यायची.

मी रॅककडे वळले. बार नीट रचलेले. जाड, बारीक, लांब, आखूड. आणि प्रत्येकाचं टोक पिवळं.

चोवीसचं पिवळं, आठचं पिवळं. पट्ट्यांची टोकं पिवळी. आट्यांचा रॉड पिवळा. व्हाइसची दांडी पिवळी. कोपऱ्यातल्या खराट्याचा दांडासुद्धा पिवळा. आणि तो पिवळा कल्लाप्पाण्णांचा मळकट ऑइलपेंट नव्हता. गाडीच्या बॉडीचा चकचकीत पिवळा होता.

"डॉक्टर," मी विचारलं, "हे कुणी केलं?"

ते रॅककडे बघत उभे राहिले. बहुधा पहिल्यांदाच नीट बघत होते. तेवढ्यात मागून गार्गी आली, हातात हेल्मेट.

"मी केलंय ते," ती म्हणाली. "मस्त दिसतंय ना? खंडेनवमीला बाबा दवाखान्यात होते, मग पूजा मीच केली. गाडीच्या नमुन्याचा रंग उरला होता डब्यात. ती टोकं कसली घाण दिसायची काकू, कुठं हिरवं, कुठं पिवळं, कुठं गंजलेलं. म्हटलं, पूजेला सगळं एकसारखं करू."

मी खिशातला चाकू काढून एका टोकावरचा रंग खरवडला. चकचकीत पिवळ्याखाली हिरवं निघालं.

गार्गी हुशार आहे. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या हातातल्या खुंट्याकडे. "हा उजवा ना?" ती म्हणाली. "डावीकडे वळताना सगळा लोड ह्याच्यावर." मग खाली स्टुलावर बसली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, आणि मी फिरवला. तेवढं मला जमतं.

डॉक्टर म्हणाले, "मी त्या माणसाचं नाव घालून लिहिलंय."

"कुणाचं?" गार्गीने विचारलं. त्यांनी सांगितलं. ती उठली, मोबाइल काढला आणि त्याच ग्रुपवर लिहिलं की टोकांना रंग मी लावला, आण्णांचा माल बरोबर होता, चूक आमच्या घरात झाली. पाठवण्याआधी बाबांना दाखवलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "आता दुकानात जाऊन सांगायला पाहिजे."

मीही गेले. कल्लाप्पाण्णांनी सगळं ऐकून घेतलं. गार्गीला म्हणाले, "पूजा केलीस न्हवं? बरं केलंस. खरं म्हंजे देवाचं काम असलं तरी माझ्या टोकास्नी हात लावायचा न्हाय बघ, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. डॉक्टरांनी हात जोडले. कल्लाप्पाण्णांनी मान हलवली, पण त्यांना चहा विचारला नाही. मला आणि गार्गीला विचारला.

त्या रॅकवरून जे जे कापलं गेलं होतं ते सगळं माझ्याकडे आलं. स्टिअरिंगची एक पिन, सस्पेन्शनचे दोन बोल्ट, तेही चोवीसच्या जागी आठ निघाले. फक्त खुंटा बदलून गप्प बसलो असतो तर ते तसेच राहिले असते. पाडवा गेला. नातेवाइकांना फोन करून नका येऊ म्हणून सांगावं लागलं, आणि एका आत्याने कायमचं तोंड फिरवलं.

मऊ खुंटा मी प्रेसमध्ये धरून वाकवून दाखवला, चोवीसचा एक तुकडा शेजारी ठेवून. आठ आधी वाकला आणि वाकलेलाच राहिला. तेवढ्याच दाबाला चोवीस लवला आणि सरळ झाला. गार्गी बघत होती. डॉक्टर बाहेर जाऊन उभे राहिले.

गाडी संक्रांतीनंतर पळाली. सूतगिरणीच्या आवारात आम्ही मोजकीच माणसं. गार्गी बसली, पट्टे आवळले, निघाली. मी गाडी बघितलीच नाही. पूर्ण वेळ उजवं पुढचं चाक बघत होते. सगळं तपासून झालं होतं, पाइप, आर्म्स, खुंटे, बोल्ट, तरी मी नजर हलवली नाही. टोकाला वळण होतं, डावीकडचं. चाक डांबराला धरून राहिलं. गाडी फिरून आमच्याकडे आली तेव्हा डॉक्टर पाठ करून उभे होते. बघवत नव्हतं त्यांना.

माझ्या कामात संशय हा गुण आहे, असं मी नेहमी सांगते. आता एक पुस्ती जोडते. संशय अर्ध्यावर सोडायचा नसतो. डॉक्टरांनी तो दुकानापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला, कारण दुकान दुसऱ्याचं होतं. घ्यायचाच तर घरच्या शेडपर्यंत न्यावा.

कल्लाप्पाण्णाही आले होते. गार्गीने बोलावलं होतं. हल्ली ते रंगाच्या बरोबरीने प्रत्येक टोकावर आकडा ठोकून देतात, पंच आणि हातोडीने. गाडी थांबली तसे ते जवळ गेले, उन्हात चमकणाऱ्या पिवळ्या बॉनेटवर बोट ठेवलं आणि मोठ्या आवाजात मला विचारलं, "म्याडम, रंगावरनं ही सगळी गाडीच चोवीस दिसतीया. व्हय का न्हाय?"

"तुकडा कापून द्या," मी म्हटलं, "मग सांगते."